वाङ्मयांतील अपंग आणि त्यांचा उद्योग

होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्याच्या आठव्या सर्गांत एक लहानसा प्रसंग आहे. फिएशियन लोकांच्या राजाच्या घरीं मेजवानी चालली आहे, आणि एका अनोळखी पाहुण्याच्या सन्मानार्थ डेमोडोकस नांवाच्या गायकास पाचारण करण्यांत आलें आहे. डेमोडोकस आंधळा आहे. राजाचा भालदार त्याला हात धरून आणतो. सभेच्या मध्यभागीं एका उंच खांबाशीं त्याच्यासाठीं रुपेरी खिळ्यांची खुर्ची मांडतो. त्याची वीणा त्याच्या डोक्यावरच्या खुंटीला अडकवितो. आणि हात कसा वर नेला म्हणजे ती सांपडेल हें त्याला दाखवून देतो. शेजारीं चौरंग मांडून त्यावर भाकरीची टोपली व मद्याचा पेला ठेवतो. मग डेमोडोकस गाऊं लागतो, आणि त्याचें गाणें ऐकून तो पाहुणा, म्हणजे प्रत्यक्ष ओडिसियस, वस्त्राआड तोंड लपवून रडतो.

हा भाग शिकवितांना आम्ही अध्यापक काय करतों? गायनाविषयीं बोलतों, ओडिसियसच्या अश्रूंविषयीं बोलतों, होमर स्वतः आंधळा होता या दंतकथेविषयींही बोलतों. खुंटीविषयीं बोलत नाहीं. प्रस्तुत लेखकानेंही अध्यापनाचीं पुष्कळ वर्षें तिच्याविषयीं अवाक्षर काढलें नव्हतें. ती खुंटी मला दाखविली एका आंधळ्या उमेदवारानें, आणि तीही अशा प्रसंगीं, कीं जो आठवला म्हणजे मला आजही स्वतःची लाज वाटते. तो प्रसंग योग्य ठिकाणीं सांगेन. आधीं त्यानें माझ्या मनांत उत्पन्न केलेला प्रश्न वाचकांपुढें ठेवतों. ज्या वाङ्मयावर आपण आपलीं मनें पोसलीं, त्यांत अपंग माणूस काय काम करतांना दिसतो? आणि तें काम त्याला कोणत्या व्यवस्थेनें साधतें?

प्रथमदर्शनीं जें दिसतें तें समाधानकारक नाहीं. आंधळे, पांगळे, कुबडे यांची वाङ्मयांत वाण नाहीं; वाण आहे ती त्यांच्या उद्योगाची. लेखकांनीं त्यांच्याकरितां बहुधा तीनच जागा राखून ठेविल्या आहेत. पहिली दयेची. डिकन्सच्या १८४३ सालच्या नाताळकथेंतील टायनी टिम हा कुबडी घेऊन चालणारा मुलगा मुख्यतः एवढ्यासाठींच आहे, कीं त्याच्याकडे पाहून एका कंजूष म्हाताऱ्याचें हृदय द्रवावें. दुसरी जागा दुष्टतेची. शेक्सपिअरचा तिसरा रिचर्ड आपल्या वांकड्या देहाचीच सबब पुढें करून पापाला प्रवृत्त होतो. आपल्याकडे मंथरेचें कुबड असेंच तिच्या दुष्ट सल्ल्याची खूण होऊन बसलें आहे. तिसरी जागा चमत्काराची : चर्मचक्षु गेले म्हणून ज्ञानचक्षु उघडले, अशी ती कल्पना आहे. विदर्भांतील संतकवि गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टि तान्हेपणींच गेली, आणि चौतीस वर्षांच्या आयुष्यांत त्यांनीं विपुल ग्रंथरचना केली. आपण त्यांना प्रज्ञाचक्षु म्हणून वंदन करतों तें उचितच आहे. पण त्यांना ग्रंथ वाचून दाखविणारे आणि त्यांचे शब्द उतरून घेणारे जे शिष्य होते, त्यांची आठवण आपल्याला क्वचितच होते. चमत्कार म्हटला कीं व्यवस्थेचा विचार संपला. अलीकडे सरकारी व्यवहारांत रूढ झालेल्या 'दिव्यांग' या शब्दामागें सद्भाव आहे हें मी नाकारीत नाहीं. परंतु मला त्यांत याच तिसऱ्या जागेचा वास येतो, म्हणून या लेखांत 'अपंग' हा जुनाच शब्द ठेविला आहे.

दया, दुष्टता आणि चमत्कार या तिन्ही गोष्टींत एक साम्य आहे. यांपैकीं कोणत्याही जागीं बसलेल्या माणसाला, तूं दिवसभर काय करतोस आणि त्याचे तुला काय मिळतात, हा साधा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. आपण एकमेकांना हा प्रश्न पहिल्याच भेटींत विचारतों.

परंतु हें झालें वरवरचें दर्शन. थोर कवींच्या ग्रंथांत अधिक बारकाईनें शिरलें म्हणजे निराळें कांहीं दिसूं लागतें. 'इलियड'मधील हिफेस्टस हा ग्रीकांचा लोहार-देव पाहा. तो लंगडा आहे. पहिल्या सर्गाच्या शेवटीं देवांच्या सभेंत तो लगबगीनें मद्य वाढूं लागतो, आणि त्याची ती धांदल पाहून सारे देव खदखदां हसतात. याच हिफेस्टसला कवि पुन्हां अठराव्या सर्गांत आपल्यापुढें आणतो, तेव्हां तो आपल्या भट्टीपाशीं आहे. घामानें निथळलेला तो देव वीस तिवया घडवीत आहे. त्यांना सोन्याचीं चाकें आहेत, आणि त्या आपणहून सभेंत जाऊन परत येतात. पाहुणी आल्याचें कळतांच तो हातोडे गोळा करून ठेवतो, स्पंजानें तोंड पुसतो, जाड काठी हातांत घेतो, आणि सोन्याच्या घडविलेल्या दासी त्याला दोहों बाजूंनीं आधार देतात. येथें कोणी हसत नाहीं. अकिलीसची ती जगप्रसिद्ध ढाल याच भट्टींतून बाहेर पडते. देव एकच, पाय तेच. पण एका ठिकाणीं तो विदूषक होतो आणि दुसऱ्या ठिकाणीं विश्वकर्मा. फरक पडतो तो कामानें आणि कामाच्या जागेनें. शिवाय कवीनें काठी आणि दासी लपविलेल्या नाहींत. आधार घेतल्यानें कारागिराचा मोठेपणा उणावत नाहीं, हें त्याला ठाऊक होतें.

आपल्या महाभारताकडे वळलें तर हाच प्रश्न अधिक गंभीर रूपानें समोर येतो. धृतराष्ट्र थोरला असूनही त्याला राज्य मिळालें नाहीं, कारण तो आंधळा होता. एका अपंगाला त्याच्या जन्मप्राप्त अधिकारापासून दूर ठेवल्याचें हें आपल्या वाङ्मयांतील बहुधा सर्वांत मोठें उदाहरण असेल. आणि भारतीय युद्धाचें एक मूळ तेथें आहे. पुढें पंडु वनांत गेला तेव्हां त्याच आंधळ्यानें राज्य सांभाळलें. विदुराचा सल्ला आणि संजयाचे डोळे त्याला मिळाले. तो चुकला तो पुत्रमोहानें. त्याच्या डोळ्यांचा त्या चुकीशीं संबंध नव्हता. धडधाकट डोळ्यांचे पुत्रमोही बाप आपल्या प्रत्येक आळींत आहेत. तरीही टीकाकारांनीं त्याचें आंधळेपण आणि त्याचा अविवेक हीं एकच करून टाकलीं, आणि आपण बोलतांनाही पक्षपाताला सहजच आंधळेपणा म्हणतों. व्यासांनीं त्याला युद्ध पाहण्यापुरती दृष्टि देऊं केली, तेव्हां त्यानें ती नाकारली आणि वृत्तांत ऐकण्याचें पत्करलें, ही गोष्ट तर फारच थोड्यांच्या ध्यानांत असते. ज्या गीतेवर ज्ञानेश्वरांनीं आपली अमृतवाणी वेंचली, तिचा आरंभ एका आंधळ्या राजाच्या प्रश्नानें होतो. आणि त्याला उत्तर देणारा संजय हा, आजच्या भाषेंत बोलावयाचें तर, त्याचा वाचक-मदतनीस आहे.

वनपर्वांतील अष्टावक्राची कथा याहून बोलकी आहे. वाटेंत राजाची गांठ पडली असतां वाटेवर पहिला हक्क कोणाचा, यावर आठ ठिकाणीं वांकडा असलेला हा मुलगा बोलतो, आणि त्या हक्कदारांच्या यादींत आंधळ्याचें व बहिऱ्याचें नांव अगदीं आरंभीं येतें. पुढें यज्ञमंडपाच्या दारावर द्वारपाल त्याला अडवितो. कां? देह वांकडा आहे म्हणून नव्हे, तर वय लहान आहे म्हणून! महाभारतकारानें त्या द्वारपालाच्या तोंडीं अंगावरून एकही प्रश्न घातलेला नाहीं, हें आजच्या द्वारपालांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे. अष्टावक्र आंत जातो, वादांत बंदीला जिंकतो, आणि बापाला सोडवून आणतो. येथवर कथा निर्दोष आहे. पण शेवटीं बापाच्या आज्ञेनें तो समंगा नदींत स्नान करतो आणि त्याचीं सारीं अंगें सरळ होतात. येथें मात्र कवीचें धैर्य गळालें, असें मला नम्रपणें वाटतें. वांकड्या अंगानेंच जो सभा जिंकून आला, त्याला बक्षीस म्हणून सरळ अंग कशाला हवें होतें? वाट सोडणें समाजाला जमलें. तो आहे तसा आपल्यांत बसलेला पाहणें जमलें नाहीं.

वाट सोडावयाची पण वांटा द्यावयाचा नाहीं, ही वृत्ति केवळ काव्यांतच राहिली असें नाहीं. जन्मांध व बधिर यांना दायभाग नाहीं, मात्र त्यांना अन्नवस्त्र द्यावें, असें मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत सांगितलें आहे. मिताक्षरा मानणाऱ्या हिंदूंच्या बाबतींत ही आडकाठी बहुतांशीं दूर झाली ती १९२८ सालच्या कायद्यानें. अन्नवस्त्राची ही व्यवस्था निर्दय नव्हती. आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून आजही अपंग मुलाची जी काळजी घेतली जाते ती याच जातीची आणि पुष्कळदां अतिशय प्रेमाची असते. तिच्यांत उणीव एकच : तिला त्या मुलाच्या हातून कांहीं घ्यावयाचें नसतें.

या उणिवेचें जितकें खोल ज्ञान मिल्टनला होतें तितकें क्वचितच कोणाला असेल. १६७१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'सॅम्सन अ‍ॅगोनिस्टिस' या नाट्यकाव्यांत डोळे काढलेला सॅम्सन गाझाच्या तुरुंगांत जातें ओढीत आहे. शत्रूंनीं त्याला काम दिलें आहे. परंतु तें असें काम आहे कीं ज्याला बैलही चालला असता. त्याचा म्हातारा बाप मनोआ खंडणी भरून त्याला सोडविण्याच्या खटपटींत आहे. त्याच्या वात्सल्याविषयीं शंका घेण्यास जागा नाहीं. मुलाला घरीं न्यावें, ऊबदार कोपऱ्यांत बसवावें, जन्मभर सांभाळावें, एवढीच त्याची इच्छा आहे. सॅम्सनला मात्र जात्याइतकाच त्या कोपऱ्याचाही धाक वाटतो. घरच्यांवर भार होऊन, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या दयेचा विषय होऊन चुलीपाशीं बसणें त्याला नको आहे. एकीकडे जातें आणि दुसरीकडे कोपरा, या दोहोंच्या मधलें जें काम, ज्यांत माणसाची स्वतःची शक्ति उपयोगास येते, तें त्याला कोणी देऊं करीत नाहीं. आणि म्हणून त्याला उरतो तो एक मृत्यूचा पराक्रम. ही शोकांतिका बायबलांतल्या वीराची आहे तशीच आपल्या घरांतलीही आहे.

मिल्टन स्वतः मात्र या दोहोंतून वांचला होता, आणि तो कसा वांचला हें आम्ही अध्यापक सांगत नाहीं. आम्ही त्याचें आंधळेपणावरचें सुनीत शिकवितों. (तें नांवही त्यानें दिलेलें नाहीं, तें पुढील काळांत पडलें.) आपल्याजवळची एकुलती एक देणगी वायां चालली म्हणून कवि कष्टी होतो, आणि शेवटीं धैर्य त्याची समजूत घालतें कीं प्रभूला माणसाच्या राबण्याची गरज नाहीं, त्याच्या दारीं नुसतें सज्ज असणाऱ्याचीही गणना होते. ही समजूत उदात्त आहे, आणि विद्यार्थी ती परीक्षेंत सुरेख लिहितात. पण ती वाचून कोणाचाही असा ग्रह होईल, कीं दृष्टि गेल्यावर मिल्टन घरीं स्वस्थ बसून राहिला. वस्तुस्थिति अगदीं निराळी आहे. १६४९ सालीं तो इंग्लंडच्या राज्यमंडळाच्या परभाषा-चिटणिसाच्या जागेवर नेमला गेला. परराष्ट्रांशीं होणारा लॅटिन पत्रव्यवहार हें त्याचें काम. १६५२ सालीं तो पूर्ण आंधळा झाला. सरकारनें त्याला काढून टाकलें नाहीं. त्याच्या मदतीस माणसें दिलीं. १६५७ पासून तर कवि अँड्र्यू मार्व्हेल त्याच्या कचेरींत होता. १६५५ मध्यें त्याचें वेतन कमी करण्यांत आलें हें खरें; पण पत्रांचीं भाषांतरें तो १६५९ पर्यंत करीतच होता. पुढें राजसत्ता परत आली, नोकरी गेली, तरी रात्रीं मनांत रचलेल्या ओळी सकाळीं जो भेटेल त्याच्याकडून उतरून घ्यावयाच्या, हा त्याचा क्रम चालू राहिला, आणि १६६७ सालीं 'पॅरडाइज लॉस्ट' छापून बाहेर पडलें. म्हणजे सहनशीलतेचें तें सुनीत आपण पाठ केलें आणि त्यामागची कचेरी विसरलों. कवीचा धीर आपल्याला दिसला. त्याचा लेखनिक दिसला नाहीं.

आतां तो प्रसंग. कांहीं वर्षांपूर्वीं एका महाविद्यालयांत इंग्रजीचा अध्यापक निवडावयाचा होता, आणि निवड समितींत विषयाचा जाणकार म्हणून मी बसलों होतों. उमेदवारांत एक तरुण आंधळा होता. एम.ए.ला त्याला पहिला वर्ग होता, आणि बोलणें इतकें नेमकें कीं बाकीच्या उमेदवारांत त्याच्या जवळपास कोणी नव्हतें. अध्यक्षांनीं विचारलें, "उत्तरपत्रिका कशा तपासणार आपण?" तो म्हणाला, "सर, वाचून दाखवायला एक मदतनीस लागेल. बाकीचें वाचन मी संगणकावर ऐकून करतों." वर्ग कसा सांभाळाल, फळ्यावर कसें लिहाल, असे आणखी प्रश्न झाले. मी मात्र विषयाचा म्हणून, आवडता एखादा उतारा सांगा, असें म्हटलें. त्यानें डेमोडोकसचा प्रसंग सांगितला आणि शेवटीं म्हणाला, "होमरनें आंधळ्याला नुसती खुर्ची नाहीं दिली, सर. वीणा कुठें टांगली आहे, हें त्याचा हात वर नेऊन दाखवायला लावलंय. मला तेवढंच हवं आहे." समितींतील दोघेतिघे मंद हसले. त्या हसण्यांत कुत्सितपणा नव्हता, कौतुकच होतें.

तो बाहेर गेल्यावर सर्वांनीं त्याची स्तुति केली. मुलगा फार हुशार आहे, ऐकून मन भरून आलें, असें एकानें म्हटलें. एखाद्या अंधशाळेंत तो फार शोभेल, असें दुसऱ्यानें सुचविलें. गाणें येतें का विचारावयास हवें होतें, असें तिसऱ्याला वाटलें. कायदा तेव्हांही होता. परंतु ती जागा राखीव नव्हती, त्यामुळें कोणाच्याही मनाला टोंचणी लागण्याचें कारण पडलें नाहीं. दहा मिनिटांत दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली. मी कांहीं बोललों नाहीं. मिल्टनच्या कचेरीची हकीकत मला माहीत होती. ती त्या खोलींत सांगणारा मीच एक होतों, आणि मीं ती सांगितली नाहीं. कागद पुढें आला तेव्हां सही केली. पुढल्याच आठवड्यांत नेहमीच्या क्रमानें माझ्या वर्गांत तें सुनीत आलें, आणि सज्ज राहणाऱ्याच्या सेवेचा अर्थ मी साठ मुलांना समजावून दिला.

त्या तरुणास पुढें एका कचेरींत टेलिफोनवर काम मिळाल्याचें कळलें. टेलिफोनचें काम हलकें आहे असें मी म्हणणार नाहीं. कित्येक अंध पदवीधरांचे संसार त्या कामानें उभे केले आहेत. पण ज्याला होमरच्या एका खुंटीवरून सबंध काव्याचा अर्थ उलगडतां आला, त्याला निरोप जोडून देण्याच्या कामावर बसविणें आणि वर आपण त्याला नोकरी दिली असें समाधान मानणें, यांत गाझाच्या जात्याचा अंश खचित आहे. पोटाचा प्रश्न सुटला कीं माणसाचा प्रश्न सुटला, असें आपण स्वतःच्या मुलांच्या बाबतींत कधीं म्हणत नाहीं.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं वाङ्मय म्हणजे कांहीं नोकऱ्या मिळवून देणारी कचेरी नव्हे. समाजसुधारणेचें माप घेऊन कलाकृति मोजूं नयेत. फडके-खांडेकरांच्या काळीं कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला, हा वाद मराठींत पुष्कळ रंगला; तो पुन्हां उकरण्याची माझी इच्छा नाहीं. माझें म्हणणें शुद्ध कलेच्या दृष्टीनेंही टिकेल. ज्या पात्राला उद्योग नाहीं तें पात्र कलेच्या दृष्टीनेंही बहुधा अपुरें उतरतें. याची साक्ष डिकन्सच देतो. टायनी टिम निर्माण करणाऱ्या याच लेखणीनें वीस-बावीस वर्षांनंतर, १८६४–६५ मध्यें, 'अवर म्युच्युअल फ्रेंड' या कादंबरींत जेनी रेन उभी केली. तिची पाठ वांकडी आहे, पाय चालत नाहींत, बाप दारुडा आहे; आणि ती बाहुल्यांचे कपडे शिवून घर चालविते. धनिक स्त्रियांच्या पोशाखांची तऱ्हा रस्त्यावर उभें राहून नजरेनें टिपावयाची आणि घरीं येऊन ती बाहुलीच्या अंगावर उतरावयाची, हें तिचें कसब. ती चिडखोर आहे, फटकळ आहे, हिशेबाला पक्की आहे, बापाला उनाड पोराप्रमाणें दटावते. टिमवर आपण अश्रू ढाळतों आणि त्याला विसरतों; जेनी मात्र ध्यानांत राहते, कारण तिला हात आहेत आणि त्या हातांना काम आहे. त्याच कादंबरींत लांकडी पायाचा सायलस वेग पगार घेऊन पुस्तकें वाचून दाखवितो आणि मालकालाच बुडविण्याचा घाट घालतो. म्हणजे अपंग माणूस नोकरी करूं शकतो आणि लबाडीही करूं शकतो. त्याला संत करून ठेवण्याचें कारण नाहीं, हेंही डिकन्सला अखेर उमगलें होतें.

आपल्या देशांत प्रेमचंदांच्या 'रंगभूमि' (१९२५) या कादंबरीचा नायक सूरदास आंधळा आहे. आंधळ्याचें नांव काय आणि धंदा काय, हें समाजानें आधींच ठरवून ठेविलेलें असतें, असा कडवट उपरोध प्रेमचंदांनीं आरंभींच केला आहे : नांव सूरदास, धंदा भिक्षा. पुढें हा भिक्षेकरी आपल्या जमिनीसाठीं सिगारेटच्या कारखान्याच्या मालकाशीं झुंजतो, आणि कथा फार मोठ्या उंचीवर जाते. त्या उंचीचा मला आदर आहे. परंतु एक गोष्ट मनाला लागून राहते, कीं एवढ्या मोठ्या कादंबरींत त्याला भिक्षेव्यतिरिक्त दुसरें काम कोणी सुचवीत नाहीं.

हा अभाव ज्यांनीं भरून काढला त्यांत आपल्या सई परांजपे यांचा उल्लेख केला पाहिजे. त्यांनीं लिहिलेल्या व दिग्दर्शित केलेल्या 'स्पर्श' या १९८० सालीं प्रदर्शित झालेल्या हिंदी चित्रपटाचा नायक अंधशाळेचा मुख्याध्यापक आहे. त्याला काम आहे, अधिकार आहे, आणि आपल्या मुलांविषयीं 'बिचारीं' ही भाषा त्याला खपत नाहीं. मदत आणि दया यांतील भेद इतक्या सूक्ष्मपणें दाखविणारी दुसरी कृति मला माहीत नाहीं. तथापि नायकाचें कामही अंधशाळेंतच आहे, हें विसरतां येत नाहीं. आमच्या समितीनें त्या तरुणाला सुचविलें होतें तेंच. ही भिंत ओलांडणारें मराठी पुस्तक म्हणजे कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचें 'चाकाची खुर्ची' हें आत्मकथन. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर त्यांच्या कमरेखालच्या शरीराची शक्ति गेली. निराशेच्या दिवसांत, स्वतः तशाच अवस्थेंत असून उद्योगधंदा करणाऱ्या बाबूकाका दिवाण यांची भेट झाली, आणि तेथून आयुष्याची दिशा पालटली. हें मला त्या पुस्तकाचें मर्म वाटतें : त्यांना उठविलें तें उपदेशानें नव्हे, तर काम करणारा एक माणूस डोळ्यांनीं पाहिल्यानें. पुढें त्यांनीं केंद्रीय अबकारी खात्यांत नोकरी केली, १९८४ सालीं 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली, आणि सिंधुदुर्गांत काजूवर प्रक्रिया करण्याच्या कामांत अपंगांना उभें केलें. पुस्तकाची भाषा साधी आहे. अलंकार नाहींत, रडगाणें नाहीं. पायऱ्या, दारें, वाहनें, स्वच्छतागृहें अशा गोष्टींना त्यांत महत्त्व आहे, आणि एखाद्या रसिकास त्या रुक्ष वाटतील. मला त्यांत होमरची खुंटी दिसते.

ही खुंटी आतां कायद्यांतही आली आहे. १९९५ च्या कायद्यानें सरकारी नोकऱ्यांत अपंगांसाठीं तीन टक्के जागा राखल्या. २०१६ च्या कायद्यानें तें प्रमाण चार टक्के केलें, अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले, आणि प्रत्येकाच्या गरजेप्रमाणें वाजवी सोय करून न देणें हा भेदभावच होय असें ठरविलें. ३ मार्च २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दृष्टिहीनांना न्यायाधीशाच्या जागेसाठीं अपात्र ठरविणारा मध्य प्रदेशांतील नियम रद्द केला. ज्या देशाच्या महाकाव्यांत आंधळा म्हणून थोरल्या भावाला सिंहासन नाकारलें गेलें, त्या देशांत न्यायासन आंधळ्याला नाकारतां येणार नाहीं, असा हा निकाल आहे.

पण कायदा खुर्ची मांडूं शकतो. हात धरून वीणा दाखविण्याचें काम त्या त्या खोलींतल्या माणसालाच करावें लागतें. ज्या खोलींत मी गप्प बसलों, तेथें कायदा कमी पडला नव्हता, शिक्षणही कमी पडलें नव्हतें. आमच्यापैकीं प्रत्येकानें होमर वाचला होता. कमी पडलें तें वाचन. आपण थोर ग्रंथांतलें दुःख वाचतों, धैर्य वाचतों, आणि ज्या क्षुद्र वस्तूंच्या आधारावर तें धैर्य उभें असतें त्या काठ्या, त्या दासी, तो संजय, तो लेखनिक, हें सारें ओलांडून पुढें जातों. टीकाकाराचें काम जर वाचकाला ग्रंथांतलें न दिसलेलें दाखविण्याचें असेल, तर मीं तें काम पुष्कळ वर्षें केलेलें नाहीं, हें येथें कबूल करतों.

यंदा तो सर्ग पुन्हां शिकवावयाचा आहे. ओडिसियसच्या अश्रूंकडे जाण्यापूर्वीं मी भालदारापाशीं थांबणार आहें, आणि ही गोष्ट मला कोणी शिकविली तेंही विद्यार्थ्यांना सांगणार आहें. त्यांतले कांहीं पुढें समित्यांवर बसतील.